डोक्यावरचा हात

मुलांनो,

तुम्ही तिकडून पाठवलेली क्लिप मिळाली. खाली लिहिलंत, "आजी, किती गोड!" म्हणूनच आज लिहायला बसले. तुम्ही पाहिलंत तसं घडलं नव्हतं.

गोदावरीचं पाणी शेजारच्या गयाबाईच्या घरात शिरलं. नंतर गंगाखेडात ब्लँकेटवाटप झालं. मी फक्त तिच्या सोबतीला गेले. स्थानिक चॅनेलचा कॅमेरावाला मलाच म्हणाला, "आजी, तुमी पुढं या. पांढरे केस चांगले दिसतेत."

गयाबाई पुटपुटली, "भिजले मी, अन् फोटू तुमचा!"

मी नको म्हणेपर्यंत मागून कुणीतरी ढकललं. समोर खुर्चीत वाटप करणारे पुढारी, साहेब. माझ्या मुलाहून लहान.

कॅमेरावाला ओरडला, "आजी, जरा वाका. तुमच्यामागं साहेब झाकायलेत."

"मी वाकणार नाही. साहेबांना उभं राहायला सांगा."

एका कार्यकर्त्यानं माझा दंड धरून हिसका दिला. चष्मा पडला. तो उचलायला वाकले, तर डोक्यावर साहेबांचा हात. आशीर्वादाचा!

मी तो झटकला. "माझ्या डोक्याला हात लावायचा नाही."

क्लिप त्याआधीच संपते.

संध्याकाळी ती बातमीत दाखवली. सकाळी गावोगावच्या ग्रुपवर, मागे बासरी लावून: 'आजी साहेबांच्या चरणी'. बसस्थानकावर एका अनोळखी बाईनं विचारलं, "टीव्हीत पाया पडलेल्या तुमीच ना, माय?"

तुमचे खापरपणजोबा मालकाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचे. मी इंग्रजी शिकले, जन्मभर शिकवलं, ते त्या दारापुढे मान वर राहावी म्हणून. आणि माझ्याच नातवंडांना माझी वाकलेली पाठ गोड वाटली.

चॅनेलच्या खोलीवर गेले. पूर्ण चित्रीकरण मागितलं.

कॅमेरावाला हसला. "पूर्ण कोन बघतंय, आजी? डिलीट केलंय ते. फेमस झालात की तुमी!"

जिना उतरताना ठरवलं. क्लिप काढा म्हणून कुणाला विनवणार नाही. पुढच्या वाटपाला पुन्हा जाईन, माझ्या फोनचा कॅमेरा सुरू ठेवून. "वाका" म्हणणारा आवाज त्यात पूर्ण येईल. तुम्ही ज्यांना ज्यांना ती क्लिप पाठवलीत, त्या प्रत्येकाला हे पत्र पाठवा.

वाटपाच्या दिवशी माझ्यामागे गयाबाईचा नंबर होता. तिलाही "वाका" म्हणाले. ती म्हणाली, "बाई वाकल्या न्हाईत, मी कामून वाकू?" ताठ उभी राहून ब्लँकेट घेतलं.

ते चित्रीकरणही त्यांनी पुसलं. गयाबाई आहे. मी आहे.