तीन पायऱ्यांचा फोटो

गडचिरोलीतल्या एका लॉजची वेबसाइट मी केली, तेव्हापासून तिथल्या मॅनेजरशी माझी ओळख आहे. किल्ली देण्याआधी ते प्रत्येक पाहुण्याला विचारतात, "कोणता फोटो पाहून आले जी?" उत्तर ऐकताना चष्मा काढून पुसत राहतात.

एक दिवस त्यांचा फोन आला. "मॅडम, पयला फोटो वाघाचा काऊन? वाघ आपल्या लॉजात नाई राह्यत."

त्याच्या जागी लावायला त्यांनी दारातल्या तीन पायऱ्यांचा फोटो पाठवला होता. उंची कळावी म्हणून बाजूला बादली ठेवली होती.

"हा पाहून कोण बुकिंग करेल?" मी म्हणाले.

"एक आजीबाई ऑनलाइन बुकिंग करून आल्या होत्या. गुडघ्यामुळं चढता नाई आलं. दारातूनच वापस गेल्या. मले कसंतरीच झालं."

मी फोटो लावला, पण धास्तावले होते. चार दिवसांनी लॉजच्या मालकांचा फोन आला तेव्हा वाटलं, काम गेलं. पण आपल्या दारच्या पायऱ्या एवढ्या अवघड आहेत, हे त्यांना तो फोटो पाहूनच कळलं होतं. त्यांनी गवंडी बोलावला होता.

काल मॅनेजरनी नवा फोटो पाठवला. पायऱ्यांशेजारी उतार झाला होता आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा होता.

"हा लावा," ते म्हणाले. "आजीबाईच्या लेकाले मीच फोन केला. येत्या सोमवारी आईले घेऊन येऊन राह्यले ते."

मी लगेच लावला. किती जण पाहतील, हा विचार पहिल्यांदाच मनात आला नाही.