गोळी बंद केल्यानंतर

फिजिओथेरपिस्टला किस्से शोधावे लागत नाहीत, पेशंटच ते आणून टाकतात. नव्वदच्या दशकात कुवेतच्या एका हॉस्पिटलात मी गुडघे बदललेल्या माणसांना चालायला शिकवायचे. तिथे आमचं एक उत्तर ठरलेलं होतं. पेशंटला नसलेलं काही दिसलं, की मॉर्फिनचा प्रताप! डोस कमी करायचा, दिसणं बंद.

तिथल्या हवल्ली भागात दुकान असलेले रत्नागिरीचे इब्राहिमचाचा ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माझ्यावर खेकसले, "ती बाय कधीपासून उभी हाय! तिला खुर्ची दे गो!"

खोलीत आम्ही दोघंच. तरी मी खुर्ची सरकवली, उगाच वाद कशाला! डोस कमी झाला, बाई गेली. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "पाव्हणीला घालवलीस," म्हणाले.

ही बातमी वॉर्डभर झाली. मग आल्या तिथल्या भारतीय शाळेत शिकवणाऱ्या कुलकर्णी बाई. त्यांच्या चपला पलंगावर, उशीशेजारी! विचारलं तर कुजबुजल्या, "खाली पाणी चढतंय. डॉक्टरांना सांगू नकोस हं, इंजेक्शन कमी करतील!"

मी हसले. पण उभं राहताना त्या ज्या सावकाशीनं पाऊल बुडवायच्या, ते बघून मीही नकळत माझी पावलं मागे घ्यायचे.

त्यानंतरचे पेशंट साठे. पुण्याचे इंजिनिअर, मीना अब्दुल्ला या गावच्या तेल रिफायनरीत शिफ्टवर. तिथे मॉर्फिनच्या गोळ्या घेणाऱ्याला कामावर उभं करत नाहीत. गोळी सुटली आणि गुडघा नव्वद अंशांत वाकला, तरच फिट सर्टिफिकेट. नाहीतर नोकरी गेली, राहण्याचा इकामा गेला आणि मुलीची बारावी अर्धवट टाकून पुण्याला परत!

त्यांनी दुखण्याचा आलेखच काढला. दर दोन तासांनी, दहापैकी किती. बर्फ, उशीवर उंच पाय, साधी पॅरासिटामॉल, थोडा थोडा व्यायाम. जोरदार गोळ्या एकेक करत कमी झाल्या. आलेखाखाली शेऱ्यांचा रकाना होता. त्यात रोज एकच वाक्य: "कोणीही दिसले नाही."

"साठे, हे काय?"

"निगेटिव्ह रिपोर्टही नोंदवायचा असतो, मॅडम!"

शेवटची गोळी बंद होऊन पाच दिवस झाले होते. दुपारचे बारा, बाहेर धुळीचं वादळ, खिडकी नारिंगी झालेली. गुडघा पंचाऐंशीवर अडलेला, भीतीनं मांडी आवळलेली. साठे रडकुंडीला आले. "एकच गोळी द्या हो!"

मला त्यांची फार दया आली. पण दिली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी नाही म्हटलं. कोन मोजायची पट्टी गुडघ्याशेजारी धरली. "डोळे मिटा. श्वास सोडा. तुमचं तुम्हीच वाकवा."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला, मग मांडी. गुडघा हलला. सत्त्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव!

"मॅडम, हात काढू नका," ते डोळे मिटूनच म्हणाले. "किती गार आहेत! बर्फापेक्षा बरं वाटतंय."

माझे दोन्ही हात पट्टीवर होते. गुडघ्याला ते लागलेलेसुद्धा नव्हते.