साखरपुड्यातला फोन

ते प्रकरण अजूनही मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. या प्रकरणात कुणाचा जीव गेला नाही, आरोपी सापडला, दोषारोपपत्रही वेळेत गेलं. तरी निवृत्तीनंतर हेच पुनःपुन्हा आठवतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात नांदतात.

मी तेव्हा कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. सकाळची हजेरी संपून बीटवाले बाहेर पडले होते. मादन हिप्परग्याच्या बाजूचा एक शेतकरी आत आला. तिशीतला, सोयाबीन आणि तूर पिकवणारा, एरवी मोकळ्या बोलण्याचा. त्या दिवशी उंबऱ्यातच थबकला.

"साहेब, दार लावून घ्या."

"ठाण्याचं दार लावत नसतात. बसा आणि बोला."

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "फितूर घरातच हाय. माझी बायको."

त्याच्या धाकट्या बहिणीची तक्रार आमच्याकडे आधीच दाखल होती. तिचं सासर बीदर जिल्ह्यात, संतपूरच्या पुढे. नवरा मारहाण करायचा, संशय घ्यायचा. ती माहेरी निघून आली. नवऱ्यावर छळाचा गुन्हा नोंदला, त्याला जामीन मिळाला, आणि बायकोच्या जवळपास फिरकायचं नाही अशी अट कोर्टाने घातली. त्याने ती पाळली नाही. आधी तो माहेरच्या दारात येऊन धिंगाणा घालून गेला. यात नवल नव्हतं, माहेर कुठे आहे हे जावयाला माहीत असतंच. म्हणून भावाने बहिणीला गुपचूप खजुरीला मावशीकडे नेऊन ठेवलं. तो तिथेही पोचला. मग भावाने तिला सीमेपलीकडे महाराष्ट्रात, उमरग्याला एका खोलीत ठेवलं, शिवणकामाच्या दुकानात कामाला लावलं. त्या खोलीचा पत्ता घरात सुद्धा मोठ्याने बोलत नव्हते. तिथेही तो आला. तिला केसाला धरून रस्त्यापर्यंत ओढलं. शेजारच्या बायका धावल्या म्हणून ती वाचली. जाताना तो म्हणाला होता, "कुठंबी जा. मला कळतंय."

तेव्हापासून तो फरार होता. आता तिला चौथ्या ठिकाणी न्यायचं होतं. पण कुणाच्या भरवशावर, हे भावाला कळत नव्हतं.

"बायकोवरच संशय कामून?" मी विचारलं.

"सोयरीक तिनंच जमवली न्हाई का! त्याची आई तिची सख्खी चुलती लागतीय. आन् खजुरीला त्यो यायच्या आदल्या दिशी हिनं तिकडं फोन केलता. मी तिचा मोबाइल बघितला साहेब. लपवून केलता."

माझा स्वभाव हिशेबी. मी बोटांवर मोजलं. मावशीला फक्त खजुरी माहीत होती. उमरग्याच्या खोलीवाल्याला फक्त खोली. दोन्ही ठिकाणं माहीत असलेली माणसं तीन: भाऊ, त्याची आई आणि त्याची बायको. आई आणि भाऊ मुलीचं वाईट करणार नाहीत. उरली एक. बेरीज बरोबर होती. कॉल रेकॉर्ड मागवलं, तर खजुरीच्या आदल्या दिवशीचा तो कॉल त्यातही होता.

घरच्यांनी मात्र रेकॉर्डची वाट पाहिली नव्हती. त्यांनी सुनेचा मोबाइल काढून घेतला होता. ती चुलीपाशी आली की सासू उठून जायची. ती पाणी भरून आली की दोघं मायलेकं बोलणं थांबवायची. मग एका सकाळी भावाने तिची पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि तिला तिच्या माहेरी सोडून आला. लेकरं ठेवून घेतली.

बाईमाणसाला ठाण्यात बोलावलं की गाव पुढचं स्वतःच रचतं. म्हणून तिचा जबाब घ्यायला मी आणि आमची महिला कॉन्स्टेबल साध्या कपड्यांत तिच्या माहेरी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"व्हय, सोयरीक मीच जमवली," ती म्हणाली. "पोरगा शिकलेला दिसला, शेती बरी दिसली. माझ्या नणंदंचं चांगलं व्हावं म्हणूनच जमवली. तेवढा गुन्हा माझा लिव्हा."

"आणि फोन?"

"केलता. चुलतीला. म्हणलं, तुमच्या लेकाला आवरा, पोरगी मरंल. त्यावर चुलती म्हणली, तू कोण आमाला सांगणारी? झालं. एवढंच बोलणं."

"खजुरीचं नाव निघालं?"

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. "साहेब, तुमी सरकारी मानूस. तुमी इचारनारच. पन माझ्या मालकानं मला हेच इचारलं न्हाई. त्यानं पिशवीच भरली."

कॉन्स्टेबल परत येताना जीपमध्ये म्हणाली, "साहेब, ही बाई खोटं बोलत नाही." मलाही तसंच वाटलं. पण नुसत्या वाटण्यावर जबाब उभा राहत नाही, आणि बेरीज तर तिच्याच नावावर येऊन थांबत होती.

मग भावाच्या बहिणीचा, म्हणजे तक्रारदार मुलीचा, पुरवणी जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलावलं. ती माझ्यासमोर बसली, मोबाइल टेबलावर ठेवला. चांगला, महागातला फोन. जबाब अर्ध्यावर आला असताना फोन थरथरला आणि वरच्या बाजूला एक सूचना दिसली. तिने बोलता बोलता, अंगावरची माशी उडवावी तशी, ती बोटाने बाजूला सारली.

"काय होतं ते?"

"काय न्हाई साहेब. अधनंमधनं येतंय. पुसून टाकते मी."

"काय लिहिलेलं असतं?"

ती जरा ओशाळली. "कानडीत असतंय. मला बोलता येतं, वाचता येत न्हाई. माझी शाळा मराठीत झाली."

आमच्या भागात माणूस तीन भाषा सहज बोलतो, पण वाचतो बहुधा एकच. माझी शाळा कन्नड. मी फोन मागून घेतला आणि ती सूचना शोधून वाचली. एक अॅप तुमचं ठिकाण मागच्या मागे वापरत आहे, बंद करायचं असल्यास इथे दाबा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. फोन तिला बिचारा पुन्हा पुन्हा सावध करत होता आणि ती त्याला गप्प करत होती.

"हा फोन कुणी दिला?"

"साखरपुड्यात त्यांनीच दिला. ताटात साडीवर ठिवून."

हल्ली आमच्याकडे तशी पद्धतच पडली आहे. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या दिवसांत दोघांना बोलता यावं म्हणून मुलाकडचे मुलीला फोन देतात. ताटात फोन दिसला नाही तर बायका आपसांत बोलतात. या नवरदेवाने तो आपल्या भागातल्या दुकानातून कन्नड भाषा लावूनच आणला होता.

"घर सोडल्यावर हाच फोन का ठेवलात?"

"सिम बदललं की! अण्णानं पयल्या दिशीच जुनं सिम मोडून टाकलं."

घरच्यांना वाटलं होतं, सिम गेलं की फोन निष्पाप झाला. मी पुन्हा बोटांवर मोजलं. दोन्ही ठिकाणं माहीत असलेली तीन माणसं मी धरली होती. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष हजर असलेली ही वस्तू मात्र धरली नव्हती. तक्रारदाराचा फोन कुणी तपासत नाही. तपासतात ते आरोपीचा आणि संशयिताचा.

जिल्ह्याच्या सायबर शाखेने पाहिलं. घरची माणसं नकाशावर दाखवणारं एक अॅप त्यात होतं, कामाच्या नसलेल्या दहा चिन्हांच्या कप्प्यात सारलेलं. त्याला ठिकाण, फोनमधले नंबर, माईक, सगळ्याची परवानगी दिलेली होती. फोनवर दिसलेलं पंचांसमक्ष नोंदवलं.

पण भाऊ ऐकेना. "यंत्र काय बोलतंय साहेब? मानूसच बोलतंय."

त्याला डोळ्यांनी दाखवणं भाग होतं. वरिष्ठांना विचारून, स्टेशन डायरीत नोंद करून, मुलीला नवा साधा फोन देऊन आम्ही सुरक्षित जागी पाठवलं. तिचा जुना फोन चालू ठेवून आमच्या महिला कॉन्स्टेबलच्या क्वार्टरमध्ये ठेवला. बाजारामागची जुनी क्वार्टर, बाहेर पाटी नाही. हे ठिकाण वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला, माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. भावाला शेजारच्या खोलीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकल थांबली. दारावर थापा पडल्या. तो बायकोचं नाव घेऊन ओरडत होता. कॉन्स्टेबलने दार उघडलं.

"या दाजी, वाटच बघायलेय. जेवून आलाव का जेवायचंय?"

तो पळायला वळला तेव्हा मागे आमचे दोन जवान उभे होते. शेजारच्या खोलीतला भाऊ दारापर्यंत आला आणि तिथेच चौकटीला टेकून खाली बसला. जावयावर धावून जाईल म्हणून आम्ही त्याला धरायला तयार होतो. त्याची गरज पडली नाही.

नवऱ्याने चौकशीत काही लपवलं नाही. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"फोन माझा, बायको माझी. मी बघू नगं का कुठं हाय ते?"

"तिला सांगितलं होतंस, असं अॅप टाकलंय म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? दुकानातच समद्याला 'होय' दाबून आनला."

"दाबलंस तू. ती हो म्हणाली होती का?"

तो माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसा पाहत राहिला. "साखरपुड्यात म्हणली की साहेब, व्हय म्हणून."

जामीन रद्द झाला, नवं कलम लागलं, पुढे त्याला शिक्षाही झाली. मुलगी आज स्वतःच्या पायावर उभी आहे. पोलिसांच्या दृष्टीने प्रकरण इथे संपतं.

भाऊ त्याच आठवड्यात बायकोला आणायला गेला. लेकरांना पुढे घातलं होतं. ती आली. भांडली नाही, रडली नाही, काही अटीही घातल्या नाहीत. त्याने तिचा मोबाइल परत दिला, तर तिने तो फडताळात ठेवून दिला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, आणि विचारलं, "साहेब, आता काय करू?" चोरीचा माल कोर्टाच्या हुकुमाने मालकाला परत देता येतो, परत देण्याची मला तेवढीच पद्धत ठाऊक होती.

निवृत्तीनंतर मी आणि सौभाग्यवतीने एक दिवस बसून घरातले सगळे फोन उघडले. कोण काय मागतं ते पाहिलं. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अॅपला आमच्या नातेवाइकांचे नंबर हवे होते. "याला आपली पाहुणेमंडळी कशाला?" सौभाग्यवती म्हणाली. कशाला, हा एवढाच प्रश्न आहे. तो आपण दारात आलेल्या अनोळखी माणसाला विचारतो. फोनला विचारत नाही. आणि घरातली गोष्ट बाहेर गेली की आधी घरातल्याच माणसाकडे बघतो. त्यातही बाहेरून आलेल्या सुनेकडे. या प्रकरणाने मला शिकवलं ते हेच. पण ते शिकायला त्या बाईला किंमत द्यावी लागली.

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्या कुटुंबाने मला शेतात जेवायला बोलावलं. ज्वारीच्या धाटांची खोप केली होती. मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. वहिनी सगळ्यांना आग्रह करून वाढत होती. माझ्या पानात दुसऱ्यांदा भज्जी घालून म्हणाली, "ठाण्यात उपाशी ठिवत होते का काय साहेब तुमाला?" सगळे हसले. मला वाटलं, झालंगेलं सारं भरून निघालं.

जेवणं उरकल्यावर नणंद जायला उठली. तिने नवी नोकरी धरली होती, खोलीही बदलली होती. वहिनीच्या पाया पडून, वर येता येता आनंदाने सांगू लागली, "वैनी, मी आता राहायलेय ते..."

वहिनीने हाताचा पंजा तिच्या तोंडावर ठेवला. हळूच, लेकराच्या ठेवावा तसा.

"मला सांगू नगं माय," ती म्हणाली. "मला म्हाईत नसल्यालं बरं."

भाऊ खोपीपाशी आंबिलीचं मडकं उचलत होता. तो तसाच वाकलेला राहिला.