गौरीची लाडकी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सकाळपासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे. मघाशी दूध उतू जातंय असं वाटून धावले, तर गॅसवर दूध नव्हतंच.

आम्ही बेहालाला राहतो. माझ्या आजेसासऱ्यांपासून हे घर कोलकात्यात आहे. मी लग्न होऊन नागपूरहून आले. दाराबाहेर बांगला आणि हिंदी, दाराच्या आत मराठी, आणि भाद्रपदात तर जरा जास्तच मराठी. कारण आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. बदलीवर आलेली बँकेतली, सरकारी खात्यातली मंडळी आपल्या गौरी गावाकडे ठेवून येतात, त्यामुळे त्या दिवशी जेवायला सगळे आमच्याकडे. सोळा भाज्या, पंचामृत, पुरणपोळ्या, आणि सगळं सोवळ्यात. ज्या बाईला पाळी आली तिने बाजूला बसायचं, कशालाही शिवायचं नाही. त्याला आम्ही ‘अडचण’ म्हणतो. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करते, चार माणसांत शहाणी समजली जाते, आणि तरीही म्हणते.

माझी अडचण नेमकी गौरींत यायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या की मला ओकाऱ्या व्हायच्या. जाऊबाई हावड्याहून यायच्या, त्यांचंही तेच. कुणाला बोलवावं, कोण ‘मोकळी’ आहे — आठवडाभर फोन. तुम्हाला हे हास्यास्पद वाटत असेल. मलाही वाटतं, पण तेव्हा माझी झोप उडायची.

आणि मग केतकी मोठी झाली. माझी मुलगी.

तिला तेराव्या वर्षी पाळी आली आणि मग लांबतच गेली. आधी दोन महिन्यांनी, मग चार, पाच. भाद्रपदात ती नेहमी मोकळी. सोवळं नेसून पुरण वाटायला बसायची, पोळी तर माझ्याहून पातळ लाटायची. बायका कौतुक करायच्या, आणि मी — मी फुशारकी मारायची. ‘आमची केतकी कधी अडत नाही हो!’ हे मी पंगतीत बोलले आहे, वाढता वाढता.

एकदा तिने विचारलं, मला इतर मुलींसारखी दर महिन्याला का येत नाही? मी म्हटलं, गौरीला तुझा हात आवडतो, तू तिची लाडकी. केवढी खूश झाली होती ती. तिने ते खरं मानलं. सोळाव्या वर्षी मुलगी असं काही खरं मानते, कारण आई सांगत असते.

थांबा, ही अजून कबुली नाही. इथपर्यंत मी नुसती मूर्ख होते.

त्याच वर्षी तिच्या हनुवटीवर राठ केस यायला लागले. मानेमागे काळा पट्टा, कितीही घासला तरी न जाणारा. वजन वाढलं. न्हाणीघराचं दार बंद करून ती चिमट्याने केस उपटत बसायची आणि बाहेर आली की हनुवटी लाल. शेवटी मी तिला डायमंड हार्बर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई बंगाली, शांत, घाई न करणाऱ्या. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, सोनोग्राफी केली. रिपोर्ट दाखवायच्या दिवशी केतकीची शिकवणी होती, म्हणून मी एकटी गेले.

एकटी गेले — हे मी इतक्यांदा मनात घोळवलं आहे. ती सोबत असती तर?

बाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. बीज वेळेवर पक्व होत नाही, पुरुषी समजली जाणारी संप्रेरकं थोडी जास्त होतात. म्हणून पाळी लांबते, केस येतात, मुरमं येतात. शरीर साखर नीट वापरत नाही, म्हणून मान काळवंडते, वजन पटकन वाढतं. पुष्कळ मुलींना असतं, पीसीओएस म्हणतात. मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतं. रोज चालायचं, झोपेची वेळ सांभाळायची, उपाशी राहायचं नाही, साखर तपासत राहायची. आणि पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू द्यायची नाही, कारण गर्भाशयाच्या आतलं अस्तर साठत जातं, ते पुढे धोक्याचं. त्यासाठी गोळ्या. मग हसून म्हणाल्या, ‘मेयेके बोकबेन ना किंतु’ — पोरीला रागावू मात्र नका, यात तिचा काही दोष नाही.

मी काय विचारलं असेल? लेकीच्या जिवाला काही होणार नाही ना, असं? नाही. मी विचारलं, गोळ्या घेतल्या की पाळी नक्की कधी येईल.

बाईंना वाटलं, आईची काळजी. गोळ्यांचा कोर्स संपला की काही दिवसांत येईल, त्या म्हणाल्या. ऑटोत बसून मी बोटांवर मोजलं. श्रावण संपत आला होता. नेमकी गौरींत येत होती.

घरी आले तर केतकी दारातच उभी. काय म्हणाल्या? आणि मी म्हटलं, काही नाही गं, वयात येताना होतं असं. बाईंना काही सापडलं नाही. वजन तेवढं कमी कर म्हणाल्या, ते बाहेरचं फुचका-रोल खाणं बंद कर.

हेच ते. एवढंच. गोळ्या मी आणल्याच नाहीत.

लग्नाची काळजी होती, मुलीला नावं ठेवतील म्हणून लपवलं — असं म्हणता आलं असतं. तुम्ही समजून घेतलं असतं, मान हलवली असती. पण तसं नव्हतं. मला पुरणाला हात हवे होते. आणि मिरवलेला तो शब्द, ‘कधी अडत नाही’, मागे घ्यायला नको होता. नुसतं विचारलं असतं तर बाईंनी तारीख मागेपुढे करून दिली असती, हेही मला त्याच संध्याकाळी कळत होतं. पण बाईंना काय सांगायचं? की गौरींसाठी? लाज वाटली. त्यांची लाज वाटली, केतकीची नाही.

गौरी झाल्यावर सुरू करू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. मग दुर्गापूजा आली, मग तिच्या परीक्षा, मग दिवाळी. आणि गोळ्या द्यायच्या म्हणजे आधी सांगावं लागणार, की त्या दिवशी मी खोटं बोलले. एक महिना उशीर सांगता येतो. वर्षाचा कसा सांगायचा? जितकं लांबलं तितकं अवघड झालं. मधल्या काळात मी तिला काय दिलं? टोमणे. जिना चढताना धापा टाकते म्हणून, भात दुसऱ्यांदा घेतला म्हणून. ती रात्रीचं जेवण सोडायला लागली तरी वजन हलेना, तेव्हा मी म्हटलं, मनावर घेतच नाहीस तू. मला त्याचं नाव ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, आणि तिला वाटत होतं ती आळशी आहे.

पुढे ती एस्प्लनेडला एका कंपनीत लागली. एका वर्षी पाच महिने पाळी आली नाही, आणि आली ती थांबेना. आठवड्यांमागून आठवडे. मला सांगितलं नाही तिने. मी पुन्हा वजनावर घसरेन म्हणून. एका दुपारी ऑफिसात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागलं, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला काढला. त्याचा निकाल येईपर्यंत मी जे दिवस काढले ते माझे मला माहीत. कर्करोग नव्हता. पण अस्तर भलतंच जाड झालं होतं, आणि उपचार झाले नाहीत तर पुढे काय होऊ शकतं तेही सांगितलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुणाला दाखवलं नव्हतं? केतकी पडल्या पडल्या म्हणाली, दाखवलं होतं, पण त्यांना काही सापडलंच नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तोंड उघडलं नाही.

आता ती बरी आहे. औषध घेते, पहाटे चालते, तपासण्या वेळेवर करते, भात मोजून पण पोटभर जेवते. हनुवटीवरच्या केसांबद्दल मोकळेपणाने बोलते. माझ्यावर जीव टाकते. मला तेच सहन होत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात मुली आणि आयांसाठी तिने या आजारावर भाषण दिलं. फार छान बोलली. गौरीची लाडकी असल्याचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. मग गंभीर झाली. म्हणाली, माझी आई मला वेळेत डॉक्टरकडे घेऊन गेली होती, त्या काळात किती आया नेत होत्या? चुकल्या त्या डॉक्टर. माझ्या आईला कळलं असतं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी — मी हात जोडले.

चहाच्या वेळी एक नवी आलेली बाई माझ्याजवळ आली. बँकेतल्या बदलीवर आलेलं कुटुंब, बेहालातच घर घेतलेलं, मुलगी चौदा वर्षांची. तिने हळूच विचारलं, काकू, कोण हो त्या डॉक्टर? म्हणजे आम्ही तिकडे जाणार नाही.

त्या डॉक्टरबाई अजून डायमंड हार्बर रोडवरच बसतात.

मी नाव सांगितलं.