पंखावरचा पांढरा रंग

जानेवारी १९७७, शुक्रवार. बाहरीनमध्ये सुट्टीचा दिवस. मी मोरीत बसून मासे साफ करत होते आणि नवरा दाराशी खुर्ची टाकून भिंतीकडे बघत होता. आठवडाभर तो असाच बसलेला. त्याच्या कंपनीचं विमान उत्तरेकडच्या डोंगरात बर्फात पडलं होतं. वाचलं कुणीच नाही.

तो मुहर्रकच्या विमानतळावर मेकॅनिक होता. कंपनी लहान, विमान जुनं, पंख्याचं. अशा विमानाच्या पंखांना पुढच्या कडेने काळ्या रबराची पट्टी असते. वर बर्फ जमला की पायलट बटण दाबतो, रबर हवेनं फुगतं आणि बर्फ तडकून पडतो. बाहरीनमध्ये बर्फ फक्त सरबतात. इथं त्या रबराचा शत्रू ऊन. उन्हाळ्यात ते भेगाळायला लागलं आणि नवं परदेशातून लवकर येईना, तेव्हा फोरमन म्हणाला, पांढरा रंग मारून टाका. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना आम्ही सगळेच तो मारायचो, पाणी उकळू नये म्हणून. रबराला रंग लावू नये असं विमानाच्या पुस्तकात होतं म्हणे. पुस्तक थंड देशात छापलेलं. नवऱ्यानं रंग मारला. भेगा थांबल्या, सगळे खूश.

रंगानं रबर ताठ होतं आणि बर्फ त्याला धरून बसतो, हे चौकशीला आलेल्या गोऱ्या साहेबांनी सांगितलं. डोंगरातून आणलेले तुकडे त्यांनी हँगरमध्ये टेबलावर मांडले होते. रंग कुणी मारला, कुणाच्या सांगण्यावरून, हे ते एकेकाला बोलावून विचारत होते. नवऱ्याची पाळी शनिवारी होती.

मासे तव्यावर जायच्या आधीच फोरमन आला. रत्नागिरीकडचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. नवऱ्याला इथं नोकरीला त्यानंच आणलेलं.

"साहेबाला सांग, रंग तू तुझ्या मनानं मारलास," तो बसायच्या आधीच म्हणाला.

नवऱ्यानं उठून त्याला खुर्ची दिली.

"तू तरणा आहेस रे. तुला दुबईत उद्या काम मिळेल. मला या वयात कोण उभं करील?"

"आणि याला करतील?" मी आतून म्हटलं. "माणसं मारून आला म्हणून दुबईवाले हार घालणार आहेत का, चाचा?"

"वहिनी, तुम्हाला इथं मी आणलं."

"विसरले नाही. चहा टाकते."

"चहा नको. याला समजवा."

"समजवायला तो काही लहान नाही."

चाचा निघाला. दारात चपला घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तो गेल्यावर नवरा पहिल्यांदा बोलला.

"पायलटनं बटण दाबलं असेल ना गं?"

"दाबलंच असेल."

"काय सांगू उद्या?"

"त्यानं सांगितलं आणि तू मारलास. दोन्ही सांग. एकही गाळू नकोस."

तो जेवला नाही. मासे मी एकटीनं खाल्ले. टाकून देण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी त्यानं दोन्ही सांगितलं. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आभार मानले. त्या आभारांचं काय करायचं, ते आम्हाला कळलं नाही. मग चाचाला बोलावलं. रंग मारायला सांगितल्याचं त्यानं नाकारलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या मालकानं दोघांना समोर उभं केलं, "खलास" म्हणाला आणि व्हिसा रद्द करायला सांगितलं, म्हणजे दोन्ही घरांना देश सोडायचा. मेलेल्यांना त्यामुळे काही फरक पडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचाच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी आत गेले. खोलीभर भांडी पसरलेली होती. मी खाली बसले, वर्तमानपत्र ओढलं आणि ताटं गुंडाळायला लागले. थोड्या वेळानं तिनं सुतळी माझ्याकडे सरकवली.