धाकटीचा धूर

मला दोन आत्या होत्या, थोरली आणि धाकटी. दोघींना सूर्यमाळच्या बाजूला दिलेलं, पण मधे दरी. एकीच्या अंगणातून दुसरीचं छप्पर दिसायचं, आणि तिथवर जायचं तर उतरून चढण्यात अर्धा दिवस मोडायचा. दोघी विधवा, दोघींची पोरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर. त्यांनी आपली एक रीत पाडली होती. सकाळी चूल पेटली की धाकटी तिच्यात मूठभर ओला पाला टाकायची. गवती छपरातून पांढरा जाड धूर वर चढायचा. थोड्या वेळानं पलीकडून थोरलीचा निघायचा. झालं, आज दोघी आहेत. मग ज्या त्या आपल्या कामाला लागायच्या.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तर मला माफी नाही.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. मी साखरशेतला मास्तर. मे महिन्याच्या सुट्टीत एका संस्थेनं आम्हा मास्तरांना जव्हारला बोलावलं. तिथं एका साहेबांनी समजावून सांगितलं, की लांबच्या देशांत कारखान्याच्या धुरावर सरकार दाम लावतं. जितका धूर जास्त, तितका भरणा जास्त. ज्याला भरणा जड जातो, त्यानं जगात दुसरीकडे कुठंतरी धूर थांबवायचा आणि तो थांबलेला धूर आपल्या नावावर विकत घ्यायचा. आमच्या पाड्यांवरच्या चुलींचा धूर असा विकला जाणार होता. मागून एकानं विचारलं, "साहेब, जो निघालाच नाही तो पोत्यात भरायचा कसा?" सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी पुढचा कागद उलटला.

त्यांनी दिलेली पत्र्याची शेगडी मात्र खरंच चांगली होती, खोटं कशाला बोलू? अर्ध्या लाकडांत भात व्हायचा, धूर नावालाच. चुलीपुढं बसून बसून धाकटीचे डोळे कायम लाल, तिच्यासाठी मला बरंच वाटलं. फक्त अट एक होती. जुनी चूल मोडायची आणि मोडल्याचा फोटो काढायचा.

"चूल मोडायची? घरात कोणी मेलंय का?" धाकटी माझ्यावर खेकसली.

मी तिला तासभर घोळात घेतलं. अखेर तिनं चुलीवर तांदळाचे चार दाणे वाहिले आणि पाठ फिरवली. पहार मीच घातली. फोटोही मीच काढला. ती म्हणाली, "आधी थोरलीला सांगावा धाड. माझा धूर दिसला नाय तर तिच्या पोटात गोळा येईल."

"धाडतो गं. उद्या मोखाड्याच्या बाजारात तिच्या पाड्याचं कोणीतरी भेटेलच."

बाजारात गेलो, भजी खाल्ली, दोन मास्तरांशी गप्पा हाणल्या, जीप पकडली आणि धाकटीकडे परत आलो. सांगावा साफ विसरलो. मोठा शहाणा मी!

शेगड्या वाटून झाल्यावर घरोघर पाहणी करायचं काम संस्थेनं माझ्यावरच टाकलेलं, ते संपेपर्यंत माझा मुक्काम तिच्याकडेच होता. सकाळी अंगणात आलो. उजाडलं होतं, पण एकाही छपरातून धूर नाही. आमच्याकडे ज्या घरात मयत झालेली असते, त्याच घरातून सकाळी धूर निघत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं अख्खा पाडाच तसा पडला होता. निम्मी घरं भट्टीवर गेल्यामुळं कुलूपबंद. त्यांच्या ओसरीवरही शेगड्या ठेवलेल्या. त्या घरांतून धूर निघायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कागदावर तीच सगळ्यांत चांगली ठरली. माणसं हळू बोलत होती. मीसुद्धा हळूच बोलत होतो, का ते मला सांगता येणार नाही.

पलीकडून थोरलीचा धूर निघाला. दुसऱ्या दिवशीही निघाला. तिसऱ्या दिवशी दोनदा निघाला, मोठा, काळपट, हाक मारल्यासारखा. धाकटी कासावीस झाली.

"सांगावा दिलास ना रे?"

"दिला," मी म्हणालो.

"मंग दोनदा कशाला? थांब, अंगणात पाला जाळते."

मी तिचा हात धरला. दुपारी साहेब येणार होते, अंगणात राख दिसली असती तर अख्खा पाडा यादीतून गेला असता. ती बसली. साहेब काही आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी पलीकडेही धूर नव्हता. धाकटी खांबाला धरून उभी होती. "थोरलीला काय झालं?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. ऊन चढलं तसं दरीतून काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं कोल्हं असेल. मग कळलं, बायका रडताहेत. मयताला येताना लांबूनच सूर धरून रडतात, तसं. आवाज चढ चढत आला आणि त्यातलं नाव ऐकू आलं. ते धाकटीचं होतं.

मी तोंड उघडणार, तर तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "ओ देऊ नको, मयताच्या रडण्याला ओ देत नाय," ती म्हणाली. आपल्याच नावाचं रडणं ती अंगणात उभी राहून ऐकत होती.

थोरली वर आली. बरोबर तिच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या होत्या. काखेत नवं लुगडं. मयताला माहेरचं लुगडं लागतं, ते खरं तर मी, भावाच्या पोरानं, आणायचं. धाकटीला बघून त्या दोघी किंचाळल्या. थोरली नाही किंचाळली. तिनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पाय दाखव."

धाकटीनं लुगडं वर करून पाय दाखवले. सरळ होते.

"अगं मी हाय, थोरले. शेगडी आली म्हणून धूर नाय."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. ओळखीचं काही तिच्या डोळ्यांत येईना. "मी तिला रडून चुकले," ती म्हणाली. "तीन दिस रडले. आता माझ्यात नाय उरलं."

धाकटीनं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. उन्हातच पाठ करून बसली. उठताना एवढंच बोलली, "बाई, तू कोण असशील ती अस. सुखी अस." आणि उतरायला लागली. धाकटी कडेपर्यंत तिच्यामागून धावली. हाका मारल्या. थोरलीनं एकदाही मागं बघितलं नाही. ते लुगडं धाकटीला नेसताही येईना, टाकताही येईना.

दुसऱ्याच दिवशी मी मातीची चूल पुन्हा घातली. कागदावर मात्र 'जुनी चूल नाही' असंच राहू दिलं. धाकटी रोज पाला टाकायची, धूर चढायचा, आणि ती पलीकडे बघत बसायची. आठ दिवस पलीकडून काही नाही. शेवटी मीच दरी उतरून गेलो.

थोरली धडधाकट होती. मोहाच्या बिया फोडत होती. मला चहा दिला, तोही काड्या पेटवून, जेमतेम धूर होईल एवढाच. मी तिचे पाय धरले. तिचा धूर शेगडीपायी विकला, सांगावा मी विसरलो, चूक माझी, सगळं सांगितलं. मग तिला अंगणात नेलं. समोर धाकटीच्या छपरावर पांढरा धूर उभा होता.

"तो बघ. आहे ना ती?"

थोरलीनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती.

"धूर हाय," ती म्हणाली. "पण तिचा तू विकलास ना रे? मंग हा कोणाचा?"

चहा तसाच टाकून मी निघालो.

धाकटी कडेवरच वाट बघत बसली होती. "बघितलं का तिनं? काय म्हणाली?"

खरं सांगायची छाती झाली नाही. म्हणालो, "तिला आता लांबचं दिसत नाही गं, आत्या."

तिचा चेहरा केवढा तरी उजळला. दुसऱ्या दिवसापासून ती दुप्पट पाला घालायला लागली.