एक मूळ गवताचं

माझी भावजय हट्टी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. एका घरात राहते म्हणून मला ते भोगावं लागतं. जग गवत उपटतं, ही त्याच्या पेशींतली गुणसूत्रं मोजते.

बस डेपोच्या भिंतीशी तिला एक वेगळंच गवत सापडलं. आसपासच्या दोन रानगवतांचा संकर. असा संकर बहुधा वांझ निघतो. पण क्वचित त्याची गुणसूत्रं आपसूक दुप्पट होतात, मग तो बी धरतो आणि गवताची नवी जात जन्माला येते. हिला ती दुप्पट दिसली. त्या दिवशी बाई आनंदाच्या भरात जेवायचंच विसरली.

तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी स्लाइड पाहिली आणि म्हणाले, "तुझा अंगठा जड पडलाय." मुळाचं टोक काचेखाली ठेवून वरून अंगठ्याने दाबतात. जोर जास्त झाला की शेजारच्या दोन पेशी फुटून एकमेकींत मिसळतात, आणि मोजणारा दोघींची गुणसूत्रं एकीच्याच नावावर घालतो.

"झाली असेल चूक. सोड आता," मी म्हटलं.

"चूक असेल तर मला दिसू दे, ताई."

ती पुन्हा डेपोपाशी गेली, तर भिंत रंगवायची म्हणून औषध फवारून सगळं साफ केलेलं. उरला तिने आधीच आणून आमच्या खिडकीतल्या कुंडीत लावलेला एकुलता एक ठोंब, तोही मरतुकडा. पुन्हा मोजायला मुळं कापली तर बी धरायच्या आधीच तो जायचा. नाही कापली तर हिच्यावर कोण विश्वास ठेवणार? इकडे आड, तिकडे विहीर. ती माझ्याशी भांडेनाशी झाली, तेव्हा मात्र माझा जीव खालीवर झाला.

मग एका सकाळी तिने कात्री घेतली. एक मूळ सोडून बाकी सगळ्यांची टोकं कापली आणि बाटलीत भरली.

टोकं रंगवून तयार झाली, त्या दिवशी मीही तिच्यासोबत प्रयोगशाळेत गेले. सर वाकडं बोललेच तर माझं तोंड कामी आलं असतं. पण तिने काच सरांपुढे सरकवली आणि म्हणाली, "सर, या वेळी अंगठा तुमचा."

सरांनी दाबलं, मायक्रोस्कोपला डोळा लावला, मोजलं. परत मोजलं.

"दुप्पटच आहेत," ते म्हणाले. "कुंडीत मूळ उरलंय का? अजून एकदा बघू."

"उरलंय एक. पण ते मिळणार नाही, सर. ते गवताचं आहे."

मला तिचा इतका अभिमान वाटला की माझं तोंड, पहिल्यांदाच, बंद राहिलं.

त्या एका मुळावर ठोंबाने दिवस काढले. हळूहळू पातं फुटलं, मग तुरा आला. आज तिने मला खिडकीशी बोलावून त्यातलं एक कुसळाचं टरफल हातावर ठेवलं. तिला स्वतःला धीर होईना. मी अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं.

आत दाणा होता.